डाग गेल्यावरचं पाणी

"डाग गेले म्हून थांबू नोको, वयनी. डाग गेले का बिमारी पाण्यात उतरते. खरी मेहनत तवाच असते."

गुलाब हे म्हणाली तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत माशांच्या पेटीत बुडालेला होता, आणि काचेमागे तो हात तिच्या बाकीच्या अंगापासून सुटा झाल्यासारखा दिसत होता. जाडसर, थोडा हिरवट, भलत्याच जागेवरून फुटलेला. इंदुताईला तो हात अजून दिसतो. नणंदेचा चेहरा आठवू गेलं तर भिंतीवरचा हार घातलेला फोटोच मध्ये येऊन उभा राहतो, पण पाण्यातला हात कुठल्याच फोटोत नसल्यामुळे जसाच्या तसा राहिला आहे. आज सकाळी देवपूजा आटोपून ती निरांजन घेऊन पेटीपाशी आली. हे रोजचंच होतं. देवाला ओवाळून झालं की तीच ज्योत माशाला दाखवायची, असं तिने गुलाब गेल्यापासून धरलं होतं, आणि एकदा धरलेलं तिच्याकडून सुटत नसे. ज्योत काचेजवळ नेली तेव्हा तिला माशाच्या शेपटीवर मिठाचे कण दिसले. कोणी चिमटीने अलगद भुरभुरावेत तसे पांढरे, वेगवेगळे, कडक. चंद्रपुरात एखाद्या वस्तूवर रात्रीतून काही पडलेलं दिसलं तर ते काळं असतं. अंगणातल्या तुळशीची पानं पुसावी तर पदराला कोळसा लागतो. हे पांढरं होतं. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आज सोमवार, आपला अळणी उपास, घरात मिठाच्या बरणीला कोणाचा हात लागलेला नाही. मग कोणी टाकलं? तेवढ्यात मासा एकदम आडवा झाला, तळाच्या गोट्यांवर अंग घासून झर्रकन वळला आणि काचेवर आदळला. टक. बारीकसा आवाज, आतून कोणी नखाने वाजवल्यासारखा. ज्योत हलली. इंदुताई तिथेच उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की हा आवाज आपण गेले काही दिवस स्वयंपाक करताना ऐकतो आहोत, आणि दर वेळी कढई खाली ठेवून, कोण आहे ते पाहायला दाराशी जातो आहोत.

पेटी गुलाबची. कॉलेजात जीवशास्त्र शिकत होती तेव्हा नागपूरहून तिने तीन मासे आणले होते, पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, सगळ्या वाटेने मांडीवर धरून. घरी आल्यावर तिच्या साडीवर ओला गोल उमटला होता आणि भाऊ म्हणाला होता, "लगनाच्या आधीच ओटी भरून आली काय वं?" इंदुताईचे यजमान खुशालराव तेव्हा असं बोलत असत. दोन मासे मागच्या दोन उन्हाळ्यांत गेले. राहिला हा एक. आला तेव्हा तो कुंकवासारखा लाल होता. मग शेंदरी झाला, मग पिवळट, आणि गुलाब गेल्यापासून तर त्याच्या पोटाकडून रंग उतरत उतरत वर चालला होता. शेजारच्या गिरजाबाई त्याच्याकडे पाहत नसत. "इंदुताई, थो मासा माणसाकडं पाह्यते," त्या म्हणत. "मासे पाण्याकडं पाह्यत असतेत. थो माणसाकडं पाह्यते." इंदुताई हसून सोडून देई. पण दुपारी एकटी वाती वळत बसली असताना तिला पाठीवर कोणाची तरी नजर जाणवे, आणि वळून पाहिलं की मासा काचेला तोंड लावून स्थिर असे, फक्त तोंड उघडमीट करत, जसं कोणी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणावा आणि तो आपल्यापर्यंत पोचू नये.

मागे एकदा हीच बिमारी आली होती, तेव्हा गुलाबने ती तिला सगळी समजावून सांगितली होती. इंदुताई तेव्हा नुसती ऐकत होती. नणंद शिकलेली, तिचं बोलणं कानाला गोड लागे, एवढंच. "हे जीव हायेत, वयनी. बारीक. थे जवर त्याच्या अंगावर हायेत तवर त्यायले काई दवा लागत नाई. कातडीखाली घर करून बसतेत. मंग पिकतेत अन् गळून पडतेत, अन् आपल्याले वाटते का झालं, बरा झाला. थे खाली गोट्यायमंदी फुटतेत. एकाचे किती होतेत, मोजता येत नाई. अन् थे सारे अंग शोधत फिरतेत पाण्यात. पाणी कसं दिसते? आरशावानी. अन् त्याच्यात अंग शोधत फिरून राह्यले. तवा मिठानं मरतेत, उन्हानं मरतेत. अंग नाई भेटलं तरी मरतेत." इंदुताईने विचारलं होतं, मग त्यांना मारायचं पाप? गुलाब हसली होती. "पाप लागलं तं माह्या नावावर मांड." त्या हसण्याने पेटीतलं पाणी हललं होतं, कारण हात अजून आतच होता.

अंग शोधत फिरतात. हे शब्द इंदुताईने त्या वेळी ऐकले आणि ते कुठेतरी खाली, गोट्यांत जाऊन बसले असणार. पुढे गुलाबचं लग्न अहेरीच्या देवाजी मास्तरांशी झालं. उन्हाळ्यात ती दिवस राहिलेली माहेरी आली, आंबे खाल्ले आणि पावसाच्या तोंडी, न्यायला आलेल्या मास्तरांबरोबर परत गेली. सासरी ओटी भरायची आहे, भरली की पहिल्या बाळंतपणाला इकडेच येते, म्हणाली. निघताना ती तुळशीपाशी थांबली. तोंडात आंब्याची कोय होती, ती गालात सरकवून म्हणाली, "वयनी, लेकराले माहे मासे दाखवाचे हायेत. त्याची माय कोणाशी बोले थे त्याले मालूम असलं पाह्यजे. मी नाई आली तं तूच मासे घेऊन येजो." "येशील, काऊन नाई येशील?" "थे ठीक हाये. पण येजो." आणि इंदुताईने तुळशीच्या मातीला बोट लावून म्हटलं होतं, "आणीन." त्या पावसाळ्यात रस्ता बंद झाला. नाले भरून आले, आष्टीकडची गाडी थांबली, आणि पाणी उतरल्यावर मास्तर स्वतः आले ते दोन बातम्या घेऊन आले: मुलगी झाली, आणि गुलाब नाही. खुशालराव त्यांना घरात या म्हणाले नाहीत. मास्तर अंगणात तुळशीजवळ उभे राहून परत गेले. "पावसाच्या तोंडी पोरीले घेऊन जातेच कोण?" एवढंच एक वाक्य खुशालराव बोलले, आणि त्यानंतर त्या घरात अहेरी हा शब्द उच्चारला गेला नाही. बाजारात कोणी अहेरीची डिंक-चारोळी विकायला बसलं तरी ते पलीकडच्या बाजूने जात. इंदुताईने नवऱ्याचा शब्द मोडला नाही. पण तिने आयुष्यात धरलेल्या सगळ्या नेमांत, एकादश्या, सोमवार, चातुर्मासातलं एकभुक्त, या सगळ्यांत ती एक मातीला बोट लावून केलेली गोष्ट तेवढी अपुरी होती, आणि रोज तुळशीला पाणी घालताना माती ते पाणी पिण्याआधी क्षणभर थांबते असं तिला वाटे.

आणि आता, काही दिवसांपूर्वी, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत हे झालं होतं. नदीत बुडी मारून ती ओल्या लुगड्याने वाळूवर आली, तर समोर एक म्हातारी आणि तिचं बोट धरलेली तीन-साडेतीन वर्षांची पोर. पोर काही पाहत नव्हती, नुसती उभी होती, पण मान एका खांद्याकडे जराशी कलती ठेवून. मान तशी ठेवणारं एकच माणूस तिने पाहिलं होतं. म्हातारी ठमाबाई, मास्तरांची आई. दोघींनी एकमेकींना ओळखलं आणि दोघींनीही आधी नदीकडे पाहिलं. मग पोरीने विचारलं, स्पष्ट, मोठ्या माणसासारखं: "तू मासेवाली मामी का?" "हे केसर," ठमाबाई म्हणाल्या. "आमी काई मांगून नाई राह्यलो, बाई. आमच्या घरी बोलाचाली होते का तुमच्याकडं तिच्या मायचे मासे हायेत, तं पोरगी इचारते. रोजच इचारते. आता मले उत्तर सुचत नाई तं मी सांगतो का मासे चालत येऊन राह्यले, त्यायले पाय नाईत, टाइम लागते." आणि त्या म्हाताऱ्या तोंडाने थोडं हसल्या. इंदुताई वाळूवर पोरीसमोर उकिडवी बसली. तिने पोरीच्या गालाला हात लावला. गाल नदीसारखा गार होता. "आहे?" केसरने विचारलं. "एक आहे," इंदुताई म्हणाली. पोरीने मान हलवली, जणू एवढंच हवं होतं.

त्या दिवशी तिने तांब्यात नदीचं तीर्थ भरून आणलं आणि घरी आल्यावर देवाला घालून उरलेलं, डोळे मिटून, माशाच्या पेटीत ओतलं. गुलाबच्या जिवाला शांती मिळो म्हणून. तिथली नदी उत्तरेकडे वळते, तिथलं पाणी गेलेल्यांना पोचतं, असं तिच्या सासूने सांगितलेलं. आता, हातात निरांजन घेऊन उभी असताना, गुलाबचं दुसरं एक वाक्य पाण्यातून वर आलं: बाहेरचं पाणी याच्यात टाकत नोको जाऊ, नदीच्या पाण्यात सारं जग राह्यते. म्हणजे हे आपण आणलं. ज्या हाताने तीर्थ वाहिलं त्याच हाताने. इंदुताई देवापुढे जाऊन बसली. खूप वेळ बसली. तीर्थाने बिमारी कशी येईल, हा प्रश्न तिने देवाला विचारला नाही, तिला असे प्रश्न विचारायची सवय नव्हती. तिने फक्त डोळे मिटून पाहिलं, तर मिटल्या डोळ्यांत पांढरे कण सावकाश वर-खाली होत होते. तेही देवाचेच जीव, तिला वाटलं. नदीत असतात, कोणाच्या तरी अंगावर राहतात, नाही मिळालं तर मरतात. मी त्यांना इथे आणलं आणि आता मीच मारणार. पाणी गाळून पिणारी, मुंगीच्या वाटेतून पाऊल बाजूला घेणारी मी. पण मासा मेला तर पोर रोज विचारेल, आणि ठमाबाईंचं उत्तर एक दिवस संपेल.

ती उठली आणि सोमवार असूनही तिने मिठाच्या बरणीत हात घातला. खडे मीठ तिने मडक्यातल्या पाण्यात विरघळवलं आणि ते पाणी वाटी-वाटीने पेटीत सोडलं, मध्ये थांबून, माशाला सवय व्हावी म्हणून. बोटाला लागलेलं मीठ तोंडाशी जाऊ नये म्हणून तो हात ती दिवसभर बाजूला धरून वावरली, परका असल्यासारखा. पेटीच्या झाकणातला दिवा रात्रंदिवस चालू ठेवला. ऊब हवी, गुलाब म्हणे, ऊब दिली की ते लवकर पिकतात, लवकर गळतात. रोज तळाचं थोडं पाणी नळीने ओढून काढायचं, गोट्यांमधला गाळ त्याच्याबरोबर जायला हवा, आणि मडक्यात मुरवलेलं, उन्हात कोमट केलेलं पाणी तितकंच आत घालायचं. खुशालराव ड्युटीवरून आले तेव्हा ती नळीचं टोक तोंडात धरून उकिडवी बसली होती. "काय करून राह्यली?" तिने सांगितलं. त्यांनी पेटीकडे पाहिलं नाही, बरणीकडे पाहिलं. "सोमवारी मीठ? मले तं सोमवारी अळणी वरण घालतं अन् माशाले खारं." "तुमी कुठी आजारी आहा?" ती म्हणाली. खाणीतून आलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या काळ्या असतात. त्या कडांमधून त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, मार्कंड्याला कोण भेटलं ते यांना ठाऊक आहे. पण ते हातपाय धुवायला निघून गेले.

मग कण वाढले. शेपटीवरून पाठीवर आले, डोळ्याच्या कडेवर आले. मासा गोट्यांना घासत राहिला आणि तो आवाज घरभर झाला. टक. थोडी शांतता. टक. तिला आपल्या दंडावर बारीक टोचल्यासारखं वाटू लागलं. बाही वर करून पाही तर काही नसे. भांडी विसळताना, आंघोळीचं पाणी काढताना, जिथे जिथे पाणी स्थिर आणि स्वच्छ असे तिथे तिथे तिला ते त्या जिवांनी भरलेलं वाटे. हे घर किती वर्षं स्वच्छ आहे, एकदा तिच्या मनात आलं. तेरावं झालं, फोटोला हार घातला, रडणं थांबलं, आणि मग कोणी काही बोललं नाही, आरशावानी. त्या विचाराची तिला भीती वाटली आणि तिने मोठ्याने स्तोत्र म्हणायला सुरुवात केली.

आणखी एक झालं. पेटीतून काढलेलं पाणी मोरीत सोडायला तिचं मन धजेना, कारण त्यात तीर्थ होतं. ती ते रोज तुळशीला घालत राहिली. एका सकाळी तुळस खाली मान टाकून उभी होती, पानांच्या कडा करपलेल्या, आणि मातीवर पांढरी बारीक बुरशी आल्यासारखं काहीतरी. तिने बोट लावून जिभेला लावलं. मीठ. इंदुताई तिथेच ओट्यावर बसून राहिली. तिला रडू आलं नाही. उलट कोणीतरी इतकी वर्षं मिटून ठेवलेला हिशेब शांतपणे उघडून दाखवावा तसं झालं. जिथे बोट लावून शब्द दिला तिथेच मीठ वर आलं होतं. गिरजाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "तुळस गेली काय वं? घरात काई अपुरं राह्यलं असन." "राह्यलं आहे," इंदुताई साधेपणाने म्हणाली.

दुपारी वीज गेली ती त्याच दिवशी. दारातून दिसणाऱ्या वीजकेंद्राच्या चिमण्यांतून धूर निघत होता आणि घरात पंखा, दिवा, पेटीतले बुडबुडे सगळं थांबलं. कोमट पाण्यात हवा कमी असते. मासा वर आला आणि पाण्याच्या कातडीला तोंड लावून ओढू लागला. त्या ओढण्याचा आवाज होता, ओला, लहान मुलाच्या झोपेतला. तिने वाटीने पाणी वर उचलून खाली सोडायला सुरुवात केली, पण हात थकले. मग तिची नजर देवघरात गेली. महादेवाच्या पिंडीवर टांगलेली तांब्याची गळती, श्रावणात तिच्यातून थेंब थेंब पाणी चोवीस तास पडे. तिने देवाला नमस्कार केला, गळती उतरवली आणि पेटीवरच्या खिळ्याला टांगून मडक्याचं पाणी भरलं. थेंब पडू लागले. पाणी फुटू लागलं. मासा थेंबांखाली येऊन स्थिर झाला, अंगभर पांढरा, आणि खालून वर पाहत राहिला, आणि इंदुताईच्या ओठांतून आपोआप तेच निघू लागलं जे पिंडीपुढे निघे. किती वेळ गेला कोणास ठाऊक. डोळे उघडले तेव्हा गळती काठोकाठ भरलेली होती. तिने तर एकदाच भरली होती. वळून पाहिलं तर मागे खुशालराव उभे होते, हातात तांब्या, कामाच्या कपड्यांतच. "रिकामी होऊन राह्यली होती," ते म्हणाले. मग, पेटीकडे पाहत, "त्याले इतका पांढरा मी पाह्यलाच नाई." "तुमी पाह्यलंच कुठी," ती म्हणाली. त्यांनी तांब्या खाली ठेवला. वीज येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

पुढल्या दिवसांत कण गळाले. एका सकाळी ज्योत नेली तर मासा साफ होता, आरपार, काचेच्या मण्यासारखा, आणि कल्ल्यामागे, जिथे कित्येक वर्षं रंग नव्हता, तिथे शेंदराचं बोट लावल्यासारखी एक खूण होती. आवाज थांबला होता. इंदुताईने कडीचा डबा घासून ठेवला, पिशवीत एक लुगडं घातलं. आजच्या गाडीने मासा पोरीकडे न्यायचा. मग ती पेटीशी आली आणि पाण्याकडे पाहिलं. इतकं स्वच्छ पाणी तिने कधी पाहिलं नव्हतं. त्या स्वच्छतेतून तो हात दिसला, सुटा, हिरवट, गोट्यांवरून काहीतरी चाचपत जाणारा. डाग गेले म्हून थांबू नोको, वयनी. तिने लुगडं पिशवीतून काढलं, डबा पालथा घातला आणि मिठाचं पाणी कालवायला बसली. पुन्हा तेच: नळी, गाळ, मडकं, ऊन, थेंब. फक्त आता काढलेलं पाणी ती मोरीत सोडू लागली, मनातल्या मनात माफी मागून. आता मारणं चालू आहे, तिला कळत होतं. आता ते उघडे आहेत, अंगाशिवाय, आणि माझ्या हातातल्या वाटीपासून त्यांना पळायला जागा नाही. माह्या नावावर मांड, गुलाब म्हणाली होती. नाही, इंदुताई पुटपुटली, हे माझ्याच नावावर.

चैत्र लागला. महाकालीच्या यात्रेला आलेल्यांचे डफ झरपट नदीच्या बाजूने वाजू लागले, आणि दिवसाचं ऊन इतकं चढलं की पेटीचा दिवा लावायची गरज उरली नाही. मासा साफच राहिला. तुळशीच्या जागी तिने नवी माती भरून रोप लावलं, ते धरलं. एका सकाळी खुशालराव जेवणाचा डबा घेऊन दारापर्यंत गेले आणि पाठमोरे उभे राहून म्हणाले, "आष्टीले गाडी बराच वेळ थांबते. उतरजो नोको. तेच गाडी पुढं अहेरीले जाते." ती पदराला हात पुसत दाराशी आली. "पाणी उन्हाचं तापते. ओलं फडकं गुंडाळजो डब्याले." मग ते गेले. चपलांचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला, तिथे थोडा थांबला, पुढे गेला.

तिने पूजा केली. मडक्यातलं ताजं पाणी डब्यात घेतलं, पेटीतला एकही थेंब नाही, आणि दोन्ही तळवे पेटीत घालून वाट पाहत राहिली. मासा आपण होऊन हातात आला. डब्याला ओलं फडकं गुंडाळलं, झाकण सैल ठेवलं, पदर खोचला. पेटीतलं पाणी तिने ओतून दिलं नाही. असू दे, आत कोणी उरलं असेल तर त्याला आता अंग नाही. कडी लावून ती कुलूप घालत होती, तेव्हा बंद दाराच्या आतून, रिकाम्या पेटीच्या बाजूने आवाज आला. टक.

तिचा हात कुलपावर थांबला. डब्यात मासा शांत होता. त्याचं वजन पाण्यासकट तिच्या मनगटाला जाणवत होतं. आत पुन्हा एकदा, सावकाश, नखाने वाजवावं तसं.

"येते," इंदुताई दाराला म्हणाली, हळू, रोज बाहेर जाताना घरच्या माणसाला म्हणावं तसं, आणि डबा हिंदकळणार नाही अशा बेताने पायऱ्या उतरून एसटी स्टँडच्या वाटेला लागली.